कणेरी मठाची चित्रकला सहल: मुलांना पहिल्यांदाच नेणाऱ्या शिक्षकांसाठी

शासकीय रेखाकला परीक्षेला मुलं बसवणाऱ्या कुठल्याही चित्रकला शिक्षकाला विचारा, स्मरणचित्रात, म्हणजे समोर न बघता आठवणीतून प्रसंग काढायच्या चित्रात, घोडं कुठं अडतं? माणूस काढताना अडतं. भाजीवाली काढा म्हटलं की सगळा वर्ग एकच बाई काढतो. ती समोर बघते, तिचे हात अंगाला चिकटलेले असतात आणि डोकं टोपलीएवढं मोठं असतं. यात मुलांचा दोष नाही. बाजारातल्या पुस्तकात ती बाई जशी छापलेली आहे तशी ती उतरवतात. बसलेल्या माणसाचा गुडघा कुठं येतो, हे त्यांनी कधी निरखून पाहिलेलंच नसतं. वर्गातल्याच एखाद्याला पुढं बसवावं तर तो पाच मिनिटांत हसतो, हलतो, उठतो.

म्हणून मी मुलांना कणेरीला नेते. कोल्हापूरपासून बारा-तेरा किलोमीटरवर, कागलच्या वाटेवर, गोकुळ शिरगावजवळ कणेरी मठ आहे. तिथलं सिद्धगिरी ग्रामजीवन म्युझियम तुमच्यापैकी अनेकांनी घरच्यांबरोबर पाहिलं असेल. जवळपास ७ एकरांवर ८० च्या आसपास प्रसंग आणि ३०० च्या घरात माणसांची, जनावरांची शिल्पं मोकळ्यावर उभी आहेत. कुंभार, सुतार, न्हावी, परीट, जात्यावर बसलेल्या बाया, विहीर, खळं, मळणी असं अख्खं गाव सिमेंटमध्ये थांबलेलं आहे. मठाचे अदृश्य काडसिद्धेश्वर स्वामी यांची ही कल्पना. लंडनचं मेणाच्या पुतळ्यांचं संग्रहालय पाहून ती सुचली, असं सांगतात. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: इथला माणूस हलत नाही. तो वस्तरा धरून बसलाय तो बसलाच आहे. तुम्ही तासभर त्याच्यासमोर बसा, बाजू बदला, पुन्हा या.

पण तिथं साधी सहल नेली तर मुलं चाळीस मिनिटांत सगळं बघून आइस्क्रीमच्या गाड्याशी जातात. माझी पहिली सहल अशीच गेली होती. परतताना बसमध्ये वह्या उघडल्या तर निम्म्या कोऱ्या आणि उरलेल्यांत बैलाची शिंगं. त्यानंतर मी ठरवलं की तीनशे शिल्पं बघायची नाहीत, एक काढायचं. पुढचं सगळं त्या ठरवण्यातून आलेलं आहे.

दिवस आणि मुलं

सहलींचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. डिसेंबरचा पहिला किंवा दुसरा आठवडा धरा आणि वार मधला घ्या, मंगळवार किंवा बुधवार. नाताळच्या सुट्टीत आणि रविवारी इतकी गर्दी असते की मूल वाटेवर बसूच शकत नाही. डिसेंबरचा दुसरा फायदा उन्हाचा. या दिवसांत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे सावल्या लांब पडतात आणि शिल्पाचा उठाव नीट दिसतो. एप्रिलमधल्या दुपारच्या उन्हात तेच शिल्प सपाट दिसतं.

परीक्षेला बसून झालेली मुलं नेऊ नका, पुढच्या वर्षी बसणारी न्या. सातवी आणि आठवी मला सगळ्यात योग्य वाटते. या वयात हात बऱ्यापैकी वळलेला असतो आणि "मला येत नाही" अजून पक्कं झालेलं नसतं. चाळीसच्या वर मुलं घेऊ नका. मुख्याध्यापक म्हणतील दोन गाड्या काढू, खर्च वाटला जाईल. नम्रपणे नाही म्हणा. ऐंशी मुलांना एका शिक्षकानं चित्र शिकवता येत नाही, फक्त मोजता येतं.

कागदपत्रं

शाळेचा ठराव, शिक्षणाधिकारी कार्यालयाची परवानगी आणि प्रत्येक पालकाचं सहीचं संमतीपत्र या तीन गोष्टींशिवाय गाडी हलवायची नाही. संमतीपत्रावरच मुलाचा रक्तगट, औषधाची किंवा खाण्याची काही अडचण आणि दिवसभर उचलला जाईल असा एक फोन नंबर लिहून घ्या. मुली असतील तर शिक्षिका बरोबर हवीच. मी दहा मुलांमागे एक मोठं माणूस धरते.

गाडीसाठी जवळच्या एसटी आगारात जा. शालेय सहलीला प्रासंगिक करारावर, म्हणजे तेवढ्या सहलीपुरती भाड्यानं, गाडी मिळते आणि भाड्यात निम्मी सवलत असते. त्यासाठी मुख्याध्यापकांचं पत्र आणि मुलांची यादी लागते. डिसेंबरच्या गाड्या भराभर जातात, म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधीच अर्ज देऊन ठेवा. अर्जात "कणेरी मठ, चित्रकला अभ्यास सहल" असं स्पष्ट लिहा. प्रयोजन लेखी असलं की सहलीत वाटेत आणखी चार ठिकाणं घुसवायचा आग्रह आपोआप कमी होतो.

ज्या मुलाच्या घरी सहलीचे पैसे जमत नाहीत ते मूल "मला यायचं नाही" असं सांगतं. हे उत्तर खरं मानू नका. घरच्यांशी वेगळं बोला, सोय करा आणि वर्गात कुणाला कळू देऊ नका.

आधी एकट्यानं जाऊन या

ही पायरी बहुतेक जण गाळतात. सहलीच्या पंधरा दिवस आधी एखाद्या सकाळी एकटे जा आणि तीन-चार तास तिथं घालवा. कार्यालयात बसून गटाचं तिकीट, उघडण्याची वेळ, फोटोंचे नियम आणि स्वच्छतागृहं कुठं आहेत हे विचारून घ्या. मुलं वाटेच्या कडेला बसून चित्रं काढतील, चालेल का, हेही आत्ताच विचारा. मठात महाप्रसादाची सोय असते, पण चाळीस जणांचं पान वाढायचं तर आधी कळवायला हवं.

मग फिरा आणि आठ प्रसंग निवडा. निवडताना मी तीन गोष्टी बघते. पहिली, समोर पाच-सहा मुलं वाट न अडवता बसू शकतील का. दुसरी, ते शिल्प निदान दोन बाजूंनी दिसतं का. वाट जिथं वळते तिथली शिल्पं यासाठी चांगली, कारण पुढून आणि बगलेनं अशी दोन्ही रूपं दिसतात. तिसरी, सकाळी दहाला त्यावर ऊन असतं की सावली. वहीत साधा नकाशा काढा, आठ ठिकाणी आकडे टाका आणि प्रत्येकापुढं "सकाळ" किंवा "दुपार" लिहा. छपराखालची शिल्पं दुपारसाठी ठेवा.

आठात बसलेले, उभे आणि वाकलेले असे तिन्ही प्रकार असू द्या. जनावरं एक किंवा दोनच घ्या. मुलांचा ओढा बैलाकडे असतो, पण आपण माणसं शिकायला चाललोय.

वर्गातले दोन तास

सहलीच्या आधीच्या आठवड्यात दोन तास हातात घ्या. तिथं गेल्यावर शिकवायला लागलात तर वेळ पुरत नाही.

पहिल्या तासाला मोजणी. हात पूर्ण ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिल उभी. पेन्सिलीचं टोक डोक्याच्या माथ्याशी धरायचं आणि अंगठा हनुवटीशी आणायचा. हे एक माप झालं. आता हेच माप खाली खाली सरकवत मोजायचं. मोठा उभा माणूस साधारण सात ते साडेसात डोकी भरतो. मांडी घालून बसला तर जमिनीपासून चार डोकी. फळ्यावर मुलांकडून आधी अंदाज घ्या. बहुतेक वर्ग उभ्या माणसाला पाच डोकी देतो. मग वर्गातल्याच एकाला उभं करून मोजून दाखवा. तो मुलगा लहान असल्यानं सहा-साडेसहा येतील, तेही बोलून दाखवा: लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानानं मोठं असतं, म्हणून तर मोठ्या माणसाला मोठं डोकं दिलं की तो बाळासारखा दिसतो.

त्याच तासाला ओळंबा करून घ्या. गवंडी वापरतो तोच. हातभर दोरा आणि टोकाला एक वायसर किंवा नट बांधा. शिल्पासमोर दोरा धरला की तो उभी रेघ दाखवतो. उभ्या माणसाच्या गळ्याच्या खळगीवरून ओळंबा सोडला की तो ज्या पायावर भार आहे त्याच्या घोट्याजवळ उतरतो. मुलांना हे कळलं की त्यांची माणसं कागदावर कलायची थांबतात. पाच रुपयांचं सामान आहे, पण माझ्या अनुभवात महागड्या पेन्सिलींपेक्षा याचा उपयोग मोठा.

दुसरा तास वेगळ्या गोष्टीसाठी, आणि तो टाळू नका. कणेरीत बारा बलुतेदार आहेत, अलुतेदार आहेत. ते गाव सुंदर, स्वच्छ, सुखी दाखवलेलं आहे. पण बलुतेदारी म्हणजे जातीनं ठरलेलं काम होतं. कोण पाणवठ्यावर येऊ शकत होतं आणि कोण नाही, कुणाला धान्याच्या बदल्यात कोणती हीन कामं करावी लागत होती, हे त्या शिल्पांत दिसत नाही. एका सहलीत चर्मकाराच्या प्रसंगासमोर एका मुलाला दोघा मुलांनी आडनावावरून चिडवलं. त्या मुलानं दिवसभर वही उघडली नाही. चूक माझी होती, कारण मी आधी बोलले नव्हते. तेव्हापासून मी आधी बोलते: हे कौशल्याचं गाव म्हणून बघा, लाकूड, माती, चामडं, लोखंड यांच्यावर चालणारे हात बघा, आणि हेही लक्षात ठेवा की हे हात आपलं काम निवडू शकत नव्हते. सातवी-आठवीच्या मुलांना हे कळतं, आपण समजतो त्यापेक्षा जास्त कळतं. प्रसंग वाटताना चिठ्ठ्या टाका. कोणाला कोणता व्यवसाय, हे शिक्षकानं ठरवायचं नाही.

पिशवीत काय

साध्या ड्रॉइंग पेपरचे आठ-दहा कागद, आणि मागे आधाराला जुन्या कॅलेंडरचा जाड पुठ्ठा, दोन क्लिपा लावून. स्केचबुक विकत घ्यायला लावू नका. पेन्सिली दोन: एक टूबी, एक तिच्याहून मऊ आणि गडद सिक्सबी. टोकयंत्राऐवजी एक-दोन ब्लेड शिक्षकांकडेच ठेवा, टोक लांब निघतं. ओळंबा. खाली बसायला पोतं किंवा जुनी चादर, कारण वाटेची फरशी थंड असते आणि नंतर तापते. टोपी, पाण्याची बाटली, डबा.

खोडरबर नाही. गाडीत चढतानाच मी सगळी खोडरबरं एका डब्यात गोळा करते. मुलं कुरकुरतात, पण खोडायला मिळालं नाही की पुढची रेघ काढावी लागते. चुकीची रेघ राहू दे, तिच्याशेजारी बरोबर रेघ काढ. दोन्ही रेघा दिसल्या की मुलाला आपण किती पाहिलं ते दिसतं.

रंग घेऊ नका. शिल्पांवर रंग आहेतच, आणि मुलं ते रंग उतरवत बसतात.

वाटेत ताराराणी चौक

आमची गाडी मिरजेकडून येते, म्हणून सहाला निघून साडेसात-आठला कोल्हापुरात शिरतो आणि कावळा नाक्याला ताराराणींचा पुतळा लागतो. कोल्हापूरचे शिल्पकार रवींद्र मेस्त्री यांचं हे काम. तुमची गाडी दुसऱ्या वाटेनं येत असेल तरी पंधरा मिनिटं इथं द्या. चौकात उतरू नका, रहदारी फार असते. ड्रायव्हरदादांना आधीच सांगून गाडी पुढं कडेला घ्या आणि मुलांना एका बाजूच्या पदपथावर ओळीनं उभं करा.

इथं चित्र काढायचं नाही, फक्त एक प्रश्न विचारायचा. घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत आहेत. एवढं मोठं धूड मागच्या दोन पायांवर कसं उभं राहिलं? मुलांना उत्तरं देऊ द्या. कुणी म्हणेल खाली काँक्रीट आहे, कुणी म्हणेल शेपूट टेकली असेल. मग सांगा की असे पुतळे ओतीव असतात, आतून पोकळ, आणि आधार पायांतून चबुतऱ्यात उतरवलेला असतो. शिल्पकाराला घोडा नुसता छान दिसेल एवढं बघून चालत नाही, तो पडणार नाही हेही बघावं लागतं. ओळंब्याची शिकवण इथं पुन्हा एकदा पक्की होते. बाजूनं पाहिलं तर सगळा भार कुठं तोललाय ते दोरा धरून दिसतं.

कणेरीत: पहिला तास पेन्सिलशिवाय

पोचल्यावर पिशव्या गाडीतच ठेवा. सगळ्यांनी मिळून पूर्ण चक्कर मारायची, हसायचं, बोलायचं, फोटोंना परवानगी असेल तर दोन-चार फोटो काढायचे. नवीन जागेची हौस भागल्याशिवाय मूल बसत नाही. ही चक्कर नाकारली तर ती हौस दिवसभर मधे येत राहते.

चक्कर संपली की चिठ्ठ्या, गट, आणि प्रत्येक गट आपापल्या आकड्यापाशी. शेजारच्या दोन गटांमागे एक मोठं माणूस. शिल्पाला हात लावायचा नाही, कठड्यावर चढायचं नाही, दुसऱ्या पर्यटकांची वाट अडवायची नाही. हा मठ आहे, जवळच देवळात लोक दर्शनाला आलेले असतात, तेव्हा आवाज बेतानं.

मग प्रत्येक मूल चार चित्रं काढतं, एकाच शिल्पाची.

पहिलं पाच मिनिटांचं. फक्त बाहेरची कडा, आतलं काही नाही. डोळे नाहीत, नाक नाही, पदराची नक्षी नाही. कात्रीनं कापल्यासारखा आकार. पाच मिनिटं झाली की थांबा म्हणायचंच. या चित्रात मूल पहिल्यांदा बघतं की हाताच्या आणि कमरेच्या मधे एक मोकळी जागा आहे आणि त्या जागेलाही आकार आहे. ती मोकळी जागा आधी काढायला सांगा. हात आपोआप जागेवर येतो.

दुसरं वीस मिनिटांचं, मोजून. डोकी मोजायची, ओळंबा धरायचा, बारीक खुणा करायच्या आणि मग काढायचं. इथं शिक्षकानं सतत फिरत राहावं. पण मुलाच्या कागदावर आपली रेघ ओढायची नाही. त्याच्या शेजारी खाली बसा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघा, आणि विचारा: "तिचा कोपर कमरेच्या वर आहे की खाली?" तो बघेल आणि स्वतःच दुरुस्त करेल. उभं राहून बोललात तर तुम्हाला दिसतं ते वेगळं आणि त्याला दिसतं ते वेगळं, आणि तुम्ही त्याला उगाचच चूक ठरवता.

पाणी भरणाऱ्या बाईचं शिल्प असेल तर ते उदाहरण म्हणून सगळ्यांना दाखवण्यासारखं असतं. घागर कमरेवर घेतली की कमर त्या बाजूला बाहेर येते, खांदे उलट्या बाजूला झुकतात, आणि मोकळा हात अंगापासून दूर जातो, तोल धरायला. मुलांनी घरी आईला, आजीला असं हजारदा पाहिलेलं असतं. कागदावर मात्र बाई खांबासारखी सरळ आणि घागर बाजूला चिकटवलेली. एका मुलीनं इथंच, चित्र काढता काढता उठून स्वतःच्या पाण्याच्या बाटल्या पिशवीत भरून पिशवी कमरेवर घेतली आणि आपले खांदे कुठं जातात ते पाहिलं. मग बसली आणि खांद्याची रेघ तिरकी केली. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

तिसरं चित्र बाजू बदलून. वाट वळते तिथं जायचं आणि तोच माणूस बगलेनं, जमेल तितका पाठीमागून काढायचा. सगळ्यात जास्त तक्रार याच वेळी येते: "बाई, चेहरा दिसत नाही." हेच तर हवं असतं. स्मरणचित्रात गर्दी काढायची वेळ आली की अर्धी माणसं पाठमोरी लागतात, आणि पाठ काढायला कुणी शिकवलेलं नसतं. मान पाठीत कशी उतरते, बसल्यावर धोतराचा काष्टा कसा ताणतो, अंबाडा मानेच्या किती वर असतो, हे इथंच बघून ठेवायचं.

चौथं फक्त हात. एक हात, मोठा, पूर्ण कागदभर. न्हाव्यानं वस्तरा कसा धरलाय, जात्याचा खुंटा मुठीत कसा बसलाय. आधी मुठीचा एक ठोकळा, मग बोटं. बोटांपासून सुरुवात केली की हात काटेरी होतो.

चार चित्रांना मिळून दीड तास लागतो. मधे एक दहा मिनिटांची सुट्टी द्या.

रंगानं फसू नका

ही शिल्पं रंगवलेली आहेत, आणि शिकाऊ डोळ्याला रंग फसवतो. काळे केस, लाल पागोटं, पांढरं धोतर दिसतं आणि मूल पेन्सिलीनं केस काळे, धोतर कोरं ठेवतं. पण उन्हातल्या काळ्या केसांवर उजेड असतो आणि सावलीतलं पांढरं धोतर करडं असतं. उपाय जुना आहे: डोळे किलकिले करा. पापण्या अर्ध्या मिटल्या की रंग फिके पडतात आणि उजेड-अंधार तेवढे उरतात. मग विचारा, सगळ्यात गडद कुठं आहे? बहुतेक वेळा उत्तर "हनुवटीखाली" किंवा "मांडीखाली" असं येतं. तिथं सिक्सबी पेन्सिल दाबून लावा. बाकी सगळं आपोआप जागेवर बसतं.

दुपारी सिमेंटबद्दल बोला

जेवणानंतर मुलं सुस्तावतात. सावलीत गोल बसवा आणि हे कसं बनत असेल ते सांगा. मोठी सिमेंटची शिल्पं साधारण अशी घडतात: आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा, माणसाच्या हाडांसारखा. त्यावर बारीक जाळी, तारेनं बांधलेली. जाळीवर सिमेंट-वाळूचा पहिला थर, खरबरीत, पुढचा थर धरून राहावा म्हणून. मग ओल असतानाच थापीनं आणि बोटांनी रूप द्यायचं, वाळायच्या आत. नंतर काही दिवस पाणी मारायचं आणि शेवटी रंग. घर बांधताना गिलावा करणारा गवंडी मुलांनी पाहिलेला असतो, त्यामुळे हे लगेच डोळ्यापुढं उभं राहतं. एखाद्या मुलाचे वडील गवंडी असतील तर त्याला सांगू द्या, तो तुमच्यापेक्षा बरं सांगेल. कोरडं सिमेंट किती, वाळू किती, पाणी जास्त झालं तर काय होतं, हे त्यानं घरी ऐकलेलं असतं.

याच सिमेंटमधून शिल्पकार रामकिंकर बैज यांनी शांतिनिकेतनात १९३८ मध्ये संथाळ कुटुंबाचं शिल्प केलं, बारीक खडी मिसळून, न रंगवता, खरबरीत. तो फोटो मोठा छापून न्या आणि मुलांना दाखवा. तिथंही डोक्यावर ओझं घेतलेली बाई आहे, मूल आहे, कुत्रा आहे. इथं सगळं हुबेहूब, तिथं अर्धं सोडून दिलेलं. कुठलं आवडलं आणि का, एवढंच विचारा. माझं मत शेवटी सांगते: शिकायला कणेरी चांगलं, कारण तपशील मोजता येतो, बघत राहावंसं वाटतं ते बैजांचं. पण आधी मुलांना बोलू द्यावं. आपण आधी मत दिलं की तेच सगळ्यांचं होतं.

त्यानंतर तासभर छपराखालचे प्रसंग. आता मूल कुणालाही काढू शकतं, बैलालासुद्धा.

मुक्काम असेल तर खिद्रापूर

दोन दिवस मिळाले तर दुसऱ्या दिवशी शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी खिद्रापूरला जा. कोपेश्वराच्या देवळाच्या स्वर्गमंडपात ४८ खांब आहेत आणि वर छत गोल उघडं आहे, तिथून उन्हाचा गोल खाली फरशीवर पडतो आणि सरकत जातो. बाहेर तळाशी दगडी हत्तींची रांग आहे. ओतीव ताराराणी आणि सिमेंटचा कणेरीकर पाहिलेल्या मुलांना इथं एक नवीन गोष्ट कळते: दगडात फक्त काढून टाकता येतं, लावता येत नाही. एक हत्ती अर्धा तास काढा, बास.

परत आल्यावर

दोन दिवसांच्या आत, चित्रं ताजी असताना, वर्गात शाडू माती आणा. गणपतीच्या दिवसांत उरलेली भिजवून ठेवली असेल तर फुकटात होतं. प्रत्येकाला पुरेशी बाइंडिंग तार द्या. तारेचा सांगाडा, त्यावर सुतळी गुंडाळायची म्हणजे माती सरकत नाही, आणि मग माती. आपण कणेरीत काढलेला माणूस वितीच्या उंचीचा करायचा, चारही चित्रं समोर ठेवून. बाजूचं चित्र कशासाठी काढलं होतं ते आता कळतं. पुढचं चित्र बघून पोट झालं, पण पाठ करायला घेतली की पाठमोऱ्या चित्राशिवाय हात अडतो. ज्यांनी तिसरं चित्र कंटाळून सोडलेलं असतं ते शेजाऱ्याचं मागतात. द्यायला सांगा.

माती सावलीत वाळवा, उन्हात ठेवलीत तर तडे जातात. तडा गेलाच तर शाडूच पातळ कालवून ब्रशनं भरायची.

शेवटी पुठ्ठ्यांवरचे कागद काढून वर्गाच्या भिंतीवर लावा, प्रत्येक मुलाची चारही चित्रं एका ओळीत आणि खाली बाकावर त्याची मातीची आकृती. चांगली निवडून लावू नका, सगळ्यांची लावा. पालकांना बोलवा. आणि स्मरणचित्राचा पुढचा तास आला की फळ्यावर "आठवडी बाजार" लिहून, पुस्तकं बंद करायला लावून, मुलांना त्या भिंतीकडे पाठ करून बसवा.